अमेरिकेत मतदार नोंदणी: ‘पक्ष’ हा रकाना कसा भरायचा आणि राज्य बदललं की काय बदलतं

नागरिकत्वाची शपथ घेऊन सभागृहाबाहेर पडलं की बऱ्याच ठिकाणी दारातच मतदार नोंदणीचं टेबल मांडलेलं असतं. नाव, पत्ता, जन्मतारीख इथवर पेन अडत नाही. मग ‘पक्षाची निवड’ असा रकाना येतो आणि आपल्यातले बहुतेक जण तिथे ‘कोणताही नाही’वर खूण करून मोकळे होतात. आपण कुठल्या पक्षाचे कार्यकर्ते थोडेच आहोत, असा त्यामागचा साधा विचार. टेक्सासमध्ये हा प्रश्न अर्जावर येतच नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये ‘कोणताही नाही’ लिहिल्याने काही बिघडत नाही. न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया किंवा फ्लोरिडात मात्र त्या एका खुणेमुळे वर्षातली अर्धी निवडणूक हातातून जाते.

या रकान्याचा अर्थ पक्षाची पावती फाडणं असा नाही. वर्गणी नाही, सभेला जायची सक्ती नाही, शिस्तभंगाची कारवाई नाही. रिपब्लिकन म्हणून नोंदलेला मतदार नोव्हेंबरच्या सार्वत्रिक निवडणुकीत सगळी मतं डेमोक्रॅट उमेदवारांना देऊ शकतो. मत गुप्त असतं, त्यामुळे त्याला जाब विचारणारं कुणी नाही. या नोंदीचा उपयोग एकाच ठिकाणी होतो, तो म्हणजे प्रायमरीत.

भारतात उमेदवारी पक्षश्रेष्ठी ठरवतात, तिकीट वाटपाची यादी वरून येते. अमेरिकेत ते तिकीट साधारणपणे मतदारच मतदान करून देतात. सरकारी मतदान केंद्रावर, सरकारी मतपत्रिकेवर होणारं हे मतदान म्हणजे प्रायमरी. आता एखाद्या मतदारसंघात एकाच पक्षाचं पारडं कायम जड असेल, तर त्या पक्षाच्या प्रायमरीत जिंकलेला माणूस नोव्हेंबरात निवडून आल्यातच जमा असतो. असे मतदारसंघ काही थोडेथोडके नाहीत. काउंटी, शहर आणि राज्य विधिमंडळाच्या पातळीवर तर हे चित्र सर्रास दिसतं. म्हणून ‘मी नोव्हेंबरात मत देतो ना’ एवढ्यावर समाधान मानू नये. जिथे खरी चुरस असते, ते मतदान अनेकदा मार्च ते सप्टेंबरच्या दरम्यान उरकलेलं असतं.

सगळ्यात आधी: हा अर्ज कुणी भरायचाच नाही

ग्रीन कार्ड, एच-वन-बी, एफ-वन, एच-फोर यांपैकी काहीही असेल तर नोंदणीचा अर्ज हातातही घेऊ नका. १९९३ च्या केंद्रीय कायद्यामुळे बहुतेक राज्यांत ड्रायव्हिंग लायसन्सच्या अर्जासोबतच मतदार नोंदणीचा प्रश्न येतो. खिडकीमागचा कर्मचारी तो सगळ्यांना एकाच सुरात विचारतो, कधी स्क्रीनवर नुसतं ‘हो/नाही’ येतं. घाईत ‘हो’ दाबलं आणि खाली सही केली की ‘मी अमेरिकेचा नागरिक आहे’ असं खोटं प्रतिज्ञापत्र दिल्यासारखं होतं. इमिग्रेशन कायद्यात नागरिकत्वाचा खोटा दावा ही फार जड चूक समजली जाते. तिच्यापायी ग्रीन कार्ड जाऊ शकतं, हद्दपारीपर्यंत वेळ येऊ शकते. पुढे नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जात ‘कधी मतदार म्हणून नोंदणी केली होती का, मत दिलं होतं का’ हा प्रश्न असतोच. चुकून नोंदणी झाली असेल तर मत देऊ नका, स्वतःहून नाव कमी करायला धावण्याआधी इमिग्रेशन वकिलाला गाठा. मेरीलँडमधल्या टाकोमा पार्कसारख्या मोजक्या गावांत बिगरनागरिकांना स्थानिक मतदान करता येतं, पण त्याची यादी वेगळी असते. त्यावरून बाकीच्या निवडणुकांचा अंदाज बांधू नये.

उलट बाजूही सांभाळायची आहे. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं आणि ओसीआय कार्डावर भारतात मत देता येत नाही. गावाकडच्या मतदार यादीत नाव तसंच राहिलं असेल तर सात नंबरचा फॉर्म भरून ते कमी करून घ्या.

पायरी पहिली: आपलं राज्य कुठल्या गटातलं, ते शोधा

निवडणुकीची वेळ, जागा आणि पद्धत ठरवण्याचं काम अमेरिकेच्या राज्यघटनेने प्रथम राज्यांच्या विधिमंडळांकडे दिलं आहे. त्यात पक्षांचाही शब्द चालतो. १९८६ मध्ये कनेक्टिकटच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की एखाद्या पक्षाला आपल्या प्रायमरीत अपक्ष, म्हणजे कुठल्याच पक्षात नोंद नसलेले, मतदार हवे असतील तर राज्य आडवं येऊ शकत नाही. २००० मध्ये कॅलिफोर्नियाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने उलट टोक सांभाळलं: पक्षाचा उमेदवार ठरवताना बाहेरच्यांना घ्याच, अशी सक्ती राज्याने पक्षावर करू नये. या दोन निकालांमधल्या जागेत राज्यांनी आपापले वाडे बांधले, आणि म्हणून एका राज्यातल्या मित्राचा सल्ला दुसऱ्या राज्यात बिनकामाचा ठरतो.

*बंद प्रायमरी.* न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया, फ्लोरिडा, मेरीलँड, केंटकी, नेवाडा, ओरेगन या राज्यांत ज्या पक्षात नोंद त्याच पक्षाची मतपत्रिका मिळते. अपक्षाला पक्षाच्या प्रायमरीची मतपत्रिका मिळतच नाही.

तरीही इथल्या अपक्षांनी प्रायमरीच्या दिवशी घरी बसू नये. पेनसिल्व्हेनियात त्या दिवशी जनमताचे प्रश्न असतील तर त्यावर अपक्षही मत देऊ शकतो. फ्लोरिडात न्यायाधीश आणि शाळा मंडळाच्या पक्षविरहित निवडणुका ऑगस्टच्या प्रायमरीसोबतच होतात, त्या सगळ्यांसाठी खुल्या असतात. फ्लोरिडात आणखी एक गंमत आहे. एखाद्या पदासाठी सगळे उमेदवार एकाच पक्षाचे असतील आणि नोव्हेंबरात समोर कुणीच नसेल, तर ती प्रायमरी सर्व मतदारांसाठी उघडायची, अशी घटनादुरुस्ती तिथे १९९८ मध्ये झाली. पण मतपत्रिकेवर नाव न छापता हाताने लिहून मत घेणारा एखादा उमेदवार अर्ज भरतो, कागदोपत्री ‘विरोधक’ तयार होतो आणि उघडलेलं दार पुन्हा बंद होतं. डमी उमेदवार आपल्यालाही नवा नाही, फक्त इथे तो मतं फोडायला उभा राहत नाही, मतदारांना बाहेर ठेवायला उभा राहतो.

*अर्धी उघडी प्रायमरी.* इथे अपक्षांना आत घेतात, पण प्रत्येक राज्याची अट निराळी. न्यू जर्सीत अपक्ष मतदार जूनमधल्या प्रायमरीच्या दिवशी केंद्रावर जाऊन पक्ष सांगू शकतो. मात्र त्या क्षणापासून त्याची नोंद त्या पक्षात होते आणि आपण बदलेपर्यंत तशीच राहते. आधीच एका पक्षात असलेल्याला दुसऱ्यात जायचं असेल तर प्रायमरीच्या ५५ दिवस आधी अर्ज द्यावा लागतो. न्यू हॅम्पशायरमध्येही मतपत्रिका घेतल्यावर पक्ष चिकटतो, पण मत देऊन बाहेर पडताना तिथल्या तिथे कार्ड भरून पुन्हा अपक्ष होता येतं. लोक हे कार्ड विसरतात आणि पुढच्या वेळी ‘मी तर अपक्ष होतो’ म्हणून वाद घालतात. मॅसॅच्युसेट्स आणि नॉर्थ कॅरोलिनात अपक्षाने कुठलीही मतपत्रिका घेतली तरी तो अपक्षच राहतो. कोलोरॅडोत २०१६ च्या जनमतानंतर अपक्षांना दोन्ही मोठ्या पक्षांच्या मतपत्रिका टपालाने घरी येतात. परत एकच पाठवायची. उत्साहाने दोन्ही भरून पाठवल्या तर दोन्ही बाद. ॲरिझोनात टपाली यादीवर नाव असलेल्या अपक्षाने कुठल्या पक्षाची मतपत्रिका हवी ते काउंटीला आधी कळवावं लागतं, नाहीतर काहीच येत नाही. आणि राष्ट्राध्यक्षपदाच्या वेळी तिथे अपक्षांना प्रवेशच नाही.

*उघडी प्रायमरी, पक्षनोंदणीच नाही.* टेक्सास, जॉर्जिया, व्हर्जिनिया, इलिनॉय, मिशिगन, विस्कॉन्सिन, मिनेसोटा इत्यादी. यात टेक्सासचा नियम नीट समजून घ्या, कारण आपले बरेच लोक डॅलस, ऑस्टिन, ह्यूस्टनच्या आसपास आहेत आणि चूकही इथेच होते. मार्चच्या पहिल्या मंगळवारी दोन्ही पक्षांच्या प्रायमरी होतात. केंद्रावर एक पक्ष निवडायचा. कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत तर मेच्या अखेरीस पहिल्या दोघांत फेरमतदान. मार्चमध्ये ज्या पक्षात मत दिलं, मेमध्ये त्याच पक्षात द्यावं लागतं, ती निवड वर्षभर बांधून ठेवते. पण मार्चमध्ये मतच दिलं नसेल तर मेमध्ये दोन्हीपैकी कुठलंही फेरमतदान निवडता येतं. ३१ डिसेंबरला पाटी कोरी.

इलिनॉयमध्ये पक्षाची मतपत्रिका मागावी लागते आणि कुठली मागितली याची नोंद राहते. मिशिगनच्या ऑगस्ट प्रायमरीत दोन्ही पक्षांचे रकाने एकाच कागदावर असतात, निवड पडद्याआड. एका रकान्यातून गव्हर्नर आणि दुसऱ्यातून सिनेटर असं सरमिसळ मत दिलं की पक्षीय भाग बाद होतो. विस्कॉन्सिनमध्येही तसंच. भारतातून आलेल्या माणसाला ‘पक्ष नाही, माणूस बघून मत’ ही सवय असते. नोव्हेंबरात ती चालते, या दोन राज्यांच्या प्रायमरीत अंगाशी येते.

*सगळे एकाच मतपत्रिकेवर.* कॅलिफोर्नियात २०१२ पासून आणि वॉशिंग्टन राज्यात २००८ पासून सर्व पक्षांचे उमेदवार एकत्र लढतात आणि पहिले दोन नोव्हेंबरात जातात, मग ते दोघे एकाच पक्षाचे का असेनात. अलास्कात २०२२ पासून पहिले चार पुढे जातात आणि नोव्हेंबरात पसंतीक्रमाने मतदान होतं. इथे पक्षाच्या रकान्याला काडीचं महत्त्व नाही, असं वाटेल. राष्ट्राध्यक्षपदाची प्रायमरी आली की ते खोटं ठरतं. कॅलिफोर्नियात ‘पक्षाची पसंती नाही’ असं लिहिलेल्या मतदाराच्या घरी येणाऱ्या मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्षपदाचा भागच नसतो. अपक्षांना घेणाऱ्या पक्षाची मतपत्रिका वेगळी मागावी लागते. २०२४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने अपक्षांना घेतलं, रिपब्लिकन पक्षाने नाही. वॉशिंग्टनमध्ये त्या वेळी परतीच्या लिफाफ्यावर पक्षाची चौकट भरून सही करावी लागते, ती रिकामी राहिली तर मत मोजलं जात नाही.

हे गट दगडावर कोरलेले नाहीत. न्यू मेक्सिकोने २०२५ मध्ये अपक्षांना दार उघडणारा कायदा केला, तर लुइझियानाने २०२६ पासून काँग्रेस म्हणजे केंद्रीय संसदेसारख्या काही पदांसाठी पक्षनिहाय प्रायमरी आणली. म्हणून दर निवडणूक वर्षाच्या जानेवारीत आपल्या राज्याच्या ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’ किंवा निवडणूक मंडळाच्या संकेतस्थळावर एकदा पाहून घ्या. ही माहिती व्हॉट्सॲप ग्रुपवरून घेऊ नका.

पायरी दुसरी: अर्ज भरताना

टपालाने पाठवायच्या राष्ट्रीय अर्जात पक्षाचा रकाना सातवा आहे. तो भरायचा की नाही, हे त्याच अर्जासोबतच्या राज्यनिहाय सूचनांत लिहिलेलं असतं. नॉर्थ डकोटात मतदार नोंदणी हा प्रकारच नाही आणि वायोमिंग हा अर्ज स्वीकारत नाही. बहुतेक राज्यांत ऑनलाइन नोंदणी होते. टेक्सासमध्ये लायसन्सचं ऑनलाइन काम सोडलं तर कागदावर सही करून अर्ज पाठवावा लागतो.

सगळ्यात फसवा शब्द ‘इंडिपेंडंट’. अपक्ष राहायचं असेल तर ‘कोणताही पक्ष नाही’ अशा अर्थाची चौकट शोधा आणि तिथेच खूण करा. कॅलिफोर्नियात ‘अमेरिकन इंडिपेंडंट’ नावाचा एक खराखुरा उजवा पक्ष आहे. आपण अपक्ष होतोय अशा समजुतीने लोक तिथे खूण करतात आणि वर्षानुवर्षं त्या पक्षाच्या यादीत राहतात. ओरेगनमध्येही ‘इंडिपेंडंट’ नावाचा पक्ष आहे.

आता नाव. आपलं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव अशी तीन पदं पासपोर्टवर एका तऱ्हेने, लायसन्सवर दुसऱ्या आणि सोशल सिक्युरिटीत तिसऱ्या तऱ्हेने पडलेली असतात. अर्जातला लायसन्स नंबर किंवा सोशल सिक्युरिटीचे शेवटचे चार आकडे सरकारी नोंदींशी ताडून पाहतात. जो नंबर लिहाल त्या कागदावर नाव जसं आहे तसंच अर्जात लिहा. नागरिकत्व मिळाल्यावर सोशल सिक्युरिटी कार्यालयात आणि लायसन्सच्या नोंदीत ‘नागरिक’ असा बदल करून घ्या. जुनी नोंद राहिली तर यादी तपासणीत नाव संशयितांत निघू शकतं. ॲरिझोनात नागरिकत्वाचा कागदोपत्री पुरावा लागतो. तो नसेल तर फक्त केंद्रीय पदांसाठी मत देता येतं. न्यू हॅम्पशायरनेही नोंदणीला पुरावा मागायला सुरुवात केली आहे. जन्मतारखेत आधी महिना मग दिवस, हे दहा वर्षं इथे राहिलेला माणूसही अर्ज भरताना विसरतो.

सही देवनागरीत करत असाल तर खुशाल करा, पण सगळीकडे तीच करा. लायसन्सवर रोमन लिपीत आणि टपाली लिफाफ्यावर देवनागरीत सही असेल तर सही जुळवून पाहणाऱ्या राज्यांत लिफाफा बाजूला पडतो.

एक गोष्ट मनाशी धरूनच पक्ष निवडा: तुमचा पक्ष आणि कुठल्या निवडणुकांत मतदान केलं, ही माहिती अनेक राज्यांत सार्वजनिक यादीत असते. मत कुणाला दिलं ते नसतं. प्रचारवाले या याद्या घेतात. दारावरच्या थापा आणि फोनवरचे मेसेज तिथूनच येतात.

बंद राज्यात राहत असाल आणि कुठल्याच पक्षाशी फार जुळत नसेल, तर आमचं मत असं: तुमच्या भागात जो पक्ष हमखास जिंकतो त्यात नोंद करा. तो आवडत नसला तरी. तुमचा काउंटी कमिशनर तिथेच ठरतो.

पायरी तिसरी: मुदत

नवी नोंदणी आणि पक्षबदल यांच्या मुदती वेगळ्या असू शकतात, घोळ इथेच होतो. नव्या नोंदणीची मुदत फ्लोरिडात २९ दिवस आधी, टेक्सासमध्ये ३०, न्यू जर्सीत २१, पेनसिल्व्हेनियात १५, मॅसॅच्युसेट्समध्ये १०. मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनमध्ये तर मतदानाच्या दिवशीच नोंदणी होते. पक्षबदलाला मात्र केंटकीत आदल्या वर्षीची ३१ डिसेंबर ही शेवटची तारीख आहे. म्हणजे मेमधल्या प्रायमरीचा निर्णय नाताळच्या सुट्टीत घ्यायचा.

न्यूयॉर्कचं उदाहरण नीट पाहा. २०१६ च्या एप्रिलमध्ये तिथे रिपब्लिकन प्रायमरी होती आणि पक्षबदलाची मुदत आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरातच संपली होती. डोनाल्ड ट्रम्प उमेदवार होते, आणि त्यांची मुलं इव्हांका आणि एरिक यांची पक्षात नोंद नसल्यामुळे त्यांना वडिलांना मत देता आलं नाही. नंतर कायदा सुधारला. आता जूनच्या प्रायमरीसाठी पक्षबदलाचा अर्ज १४ फेब्रुवारीपर्यंत पोचावा लागतो. समजा तुम्ही २० फेब्रुवारीला अर्ज केलात. तो नाकारला जात नाही, पावतीही मिळते. फक्त तो बाजूला ठेवला जातो आणि प्रायमरीनंतर सात दिवसांनी लागू होतो. जूनमध्ये केंद्रावर गेलात की यादीत तुमचा जुनाच पक्ष दिसतो, आणि तुमच्या हातात अर्ज केल्याचा पुरावाही असतो. दोन्ही खरं.

पायरी चौथी: मतदानाच्या आधी आणि त्या दिवशी

महिनाभर आधी संकेतस्थळावर स्वतःची नोंद उघडा: नाव, पत्ता, पक्ष, ‘सक्रिय’ शेरा. त्या पानाचा फोटो काढून ठेवा. नमुना मतपत्रिका मिळते, तीही पाहा. अमेरिकन मतपत्रिका म्हणजे एकच बटण नव्हे. न्यायाधीशापासून शाळा मंडळापर्यंत दोनतीन पानं असू शकतात. न्यूयॉर्क शहराच्या महापौर प्रायमरीत पाच जणांपर्यंत पसंतीक्रम लावता येतो. पाचही जागी एकच नाव लिहून मताचं वजन वाढत नाही.

ओळखपत्राचे नियमही असेच विखुरलेले. टेक्सासमध्ये ठरावीक फोटो ओळखपत्रं लागतात. बंदूक परवाना चालतो, विद्यापीठाचं कार्ड चालत नाही. कॅलिफोर्नियात आणि न्यूयॉर्कमध्ये बहुतेकांना विचारतच नाहीत. पेनसिल्व्हेनियात त्या केंद्रावर पहिल्यांदा येणाऱ्याला विचारतात. अमेरिकन पासपोर्ट खिशात असला की वाद उरत नाही.

टपाली मतदान टेक्सासमध्ये ६५ वर्षांवरच्यांना, आजारी किंवा अपंगांना, काउंटीबाहेर असलेल्यांना आणि अशाच मोजक्यांना. ओरेगन, वॉशिंग्टन, कोलोरॅडो, कॅलिफोर्नियात मतपत्रिका घरीच येते. पेनसिल्व्हेनियात दोन लिफाफे असतात: मतपत्रिका आतल्या गोपनीय लिफाफ्यात, तो बाहेरच्या लिफाफ्यात, बाहेर सही आणि तारीख. आतला लिफाफा राहिला तर मत बाद. शेवटच्या आठवड्यात टपालपेटीपेक्षा अधिकृत ड्रॉप बॉक्स किंवा काउंटी कार्यालय बरं.

केंद्रावर ‘यादीत नाव नाही’ म्हणाले तर निघून येऊ नका. २००२ च्या केंद्रीय कायद्यानुसार बहुतेक राज्यांत तात्पुरती मतपत्रिका मागता येते, तिचा नंबर घेऊन नंतर मत मोजलं गेलं का तेही पाहता येतं. पण बंद प्रायमरीत आपल्या नोंदीबाहेरच्या पक्षाची तात्पुरती मतपत्रिका भरून उपयोग होत नाही, पडताळणीत ती बाजूला पडते.

घर बदललं किंवा भारतात गेलात तर

राज्य बदललं की नोंदणी आपोआप सरकत नाही, पक्षही नाही. न्यू जर्सीहून टेक्सासला गेलात तर तिथे नव्याने नोंदणी करा आणि जुन्या काउंटीला कळवून तिथलं नाव कमी करा. त्याच राज्यात घर बदललं तरी पत्ता बदलून घ्या, नाहीतर टपाली मतपत्रिका जुन्या घरी जाते. टपाल खातं पत्रं पुढे पाठवतं, मतपत्रिका मात्र बहुधा परत जाते.

आईवडिलांसाठी वर्षभर भारतात मुक्काम असेल तर ‘फेडरल पोस्ट कार्ड ॲप्लिकेशन’ हा परदेशातून मतपत्रिका मागवायचा अर्ज भरा, दर जानेवारीत नव्याने. केंद्रीय निवडणुकीच्या किमान ४५ दिवस आधी मतपत्रिका निघते. ईमेलने मागवायचा पर्याय निवडा. परत पाठवताना काही राज्यांना कागदच लागतो, आणि भारतातून टपालाला लागणारे दिवस धरूनच तो पाठवा. मतपत्रिका आलीच नाही तर संकटकाळची कोरी केंद्रीय मतपत्रिका डाउनलोड करून तीवर उमेदवाराचं नाव लिहून पाठवता येतं. त्या पोस्टकार्डाच्या अर्जावरही पक्षाचा रकाना आहे. प्रायमरीची मतपत्रिका हवी असेल तर तो कोरा सोडू नका.